मुख्य इंजिनियरच्या टेबलावरचा व्हॉल्व्ह

“काय सुंदर व्हॉल्व्ह आहे हो तुमच्या टेबलावर,” विमानांचे जुने मेकॅनिक उस्ताद नेमत म्हणाले. तेलकट हात त्यांनी डगल्याला पुसले, पण खुर्चीवर बसले नाहीत.

खोलीतल्यांनी माना वळवल्या. दोन भंगारवाले चहाचे पेले धरून बसले होते. समोर विमानाचे कागद पसरलेले. तेहरानच्या मेहराबाद विमानतळावर अजून प्रवासी घेऊन उतरणारं ते सगळ्यांत जुनं विमान, सत्तेचाळीस वर्षांचं. चाकं खाली आणणारा एक व्हॉल्व्ह गेला म्हणून दहा दिवस हँगरमध्ये अडकलं होतं. निर्बंधांमुळे बाहेरचा कुणी नवा विकत देईना. त्यात मुख्य इंजिनियरला वरून हुकूम आला: या म्हाताऱ्या विमानाला आता एकही सुटा भाग द्यायचा नाही, आज दुपारपर्यंत उडण्याजोगं नसेल तर भंगारात काढा. तसलाच व्हॉल्व्ह मुख्य इंजिनियर रस्तेगारच्या टेबलावर शोभेला होता. नेमतांनी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं नाही.

रस्तेगारने पाहुण्यांकडे पाहिलं आणि घरंदाज माणूस म्हणतो तेच म्हणाला, “पेशकश, उस्ताद. तुमचाच समजा.”

आता नेमतांनी ‘छे छे, तुमच्याकडेच शोभतो’ म्हणायचं होतं. त्याने पुन्हा द्यायचा, यांनी पुन्हा नाकारायचा. असं तीनदा, आणि वस्तू जागच्या जागी. तेहरानमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. नेमत तर सत्तरीचे, आग्रहाशिवाय दुसरा पेला चहाही न घेणारे.

“देव तुमचं भलं करो,” ते म्हणाले आणि व्हॉल्व्ह उचलून बगलेत मारला.

एका भंगारवाल्याला ठसका लागला.

“उस्ताद, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा,” रस्तेगारचा आवाज चढला. “अहो, म्हणायची रीत असते ती.”

“रीत ठाऊक आहे मला. जन्मभर पाळली, आज नाही पाळत. शब्द परत घ्यायचा असेल तर या पाहुण्यांसमोर घ्या.”

रस्तेगार समोरचे कागद सारखे करू लागला. पाहुण्यांसमोर शब्द फिरवणं म्हणजे नाक कापून घेणं. नेमत निघाले. लाजेने कानशिलं तापली होती, पण पाय थांबले नाहीत. चाळीस वर्षं ज्या विमानाला हात लावून त्यांचा दिवस सुरू झाला, त्यावर ते करवत चालू देणार नव्हते.

हँगरमध्ये त्यांचा जोडीदार बीजन वाट पाहत होता. व्हॉल्व्ह बघून त्याने कपाळाला हात लावला. “दहा वर्षं खिडकीतलं ऊन खाल्लंय याने. आतल्या रबरी कड्यांचा भुगा झाला असेल. आणि चाचणीचा दाखला कुठाय? त्याशिवाय तपासनीस हा बसवू देणार नाही. उगाच तोंड काळं करून आलात.”

“आधी उघडून तर बघू. मग काय बोलायचं ते बोल.”

नेमतांनी पाना लावला. तोंडावरचं बूच एका झटक्यात सुटलं. आत ताजं तेल होतं. कड्या नव्याकोऱ्या, बोटाखाली मऊ. बुचाच्या पोकळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता. बीजनने तो उलगडून वाचला. चाचणी झाली, विमानात बसवण्यास योग्य. तारीख चार दिवसांपूर्वीची.

खाली सही होती रस्तेगारची.