पाहुण्यापुढचा ग्लास

“गिलास खाली ठेवा!”

तुळसाबाईचा आवाज असा चढला, की रिसोडच्या विहीणबाई, ललिताबाई, हातातल्या ट्रेसकट जागीच थबकल्या. पंजाबरावांच्या ओठांपर्यंत गेलेला केशरी थंड्याचा ग्लास मुकाट्याने खाली आला.

“यायले शुगर हाये, तुमाले माहीत नाई का?”

“माहीत हाये ना बाप्पा,” ललिताबाई म्हणाल्या. “पन पाव्हन्याले कोरडं कसं पाठवाव? एका गिलासानं काय होते?”

एका ग्लासाने काय होतं! हे ऐकलं की तुळसाबाईच्या मस्तकात तिडीक जायची. अशा एकेका ग्लासानेच तिच्या नवऱ्याचा अंगठा गेला होता. बाजारात गेले की थंडा, सोयाबीन विकलं की थंडा, कुणी भेटलं की थंडा. मग एक दिवस शेतात बाभळीचा काटा चपलेतून आत घुसला आणि हा बाबा तो पायात घेऊन गावभर हिंडला. दुखलंच नाही म्हणे! लक्षात आलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. मंगरूळपीरच्या डॉक्टरीणबाईंनी तो काढला आणि बजावलं, की साखरेनेच पाय बधिर झालाय, ती उतरली नाही तर पुढच्या वेळी पाय काढावा लागेल.

आणि ह्या बाई विचारतात, काय होतं!

पण लेक याच घरात नांदत होती. पाहुण्यापुढे ठेवलेला ग्लास परत आत गेला असता, तर त्याचं उट्टं लेकीवर निघालं असतं. तुळसाबाईने आपला ग्लास संपवला आणि नवऱ्यापुढचाही उचलला.

“आना, मी पेतो.”

एका दमात तिने तो रिकामा केला. ललिताबाईंचा चेहरा खुलला. नवऱ्याचा पाय वाचला आणि विहीणही रुसली नाही.

मग ही युक्ती तिने सोडलीच नाही. उन्हाळा लग्नसराईचा. साक्षगंध, बारसं, नव्या घराची पूजा, जिथे जावं तिथे सतरंजीवर टेकायच्या आत थंडा हजर. पाणी मागावं तर लोक ओशाळायचे, जणू साधं पाणी देणं म्हणजे दळिद्रीपणा. या खुळाचा तुळसाबाईला भयंकर संताप येई. घरोघरी ती तोंडाचा पट्टा सोडायची आणि बोलून झालं की दोन्ही ग्लास संपवायची.

“तुळसे, तू बी नको पेत जाऊ,” पंजाबराव एकदा म्हणाले.

“मले काय धाड भरली? मी कवा दवाखान्याची पायरी चढलो का? अन् तुमी मले शिकवता? पायात काटा घुसला तं कळत नाई, असा कसा मानूस तुमी?”

पंजाबरावांनी अंगठा नसलेला पाय मागे ओढून घेतला.

शेलूबाजारच्या स्टँडवर तर तिने थंडा विकणाऱ्या गोविंदसिंगाला भर बाजारात धरलं. त्याच्या फ्रीजच्या आडोशाला पंजाबराव बाटली तोंडाला लावून उभे होते.

“मानसाच्या जिवावर उठला काय रे?”

“काकू, काका मांगते तं मी देतो. माहा काय गुन्हा?”

“काका उद्या जहर मांगन, तं देशीन?”

तिने नवऱ्याच्या हातातून बाटली हिसकली. उन्हात बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. पैसे तर गेलेच होते, मग ओतून कशाला द्यायची? उरलेली बाटली तिने तिथेच घशाखाली घातली. पंजाबराव इतके खजील झाले, की त्यांनी थंड्याला पुन्हा हात लावला नाही.

हल्ली तिच्या घशाची कोरड जातच नव्हती. माठ भरावा आणि रिता व्हावा. अंगातल्या चोळ्याही सैल झाल्या होत्या. होणारच! अशा नवऱ्यामागे धावून कोण जाड होईल?

पावसाळ्याच्या तोंडावर दोघं तपासणीला मंगरूळपीरला गेले. जीपवाल्याने दवाखान्याच्या बरंच अलीकडे उतरवलं, म्हणून बाभळीतल्या पायवाटेने निघाले. पंजाबराव खाली बघत, जपून पाऊल टाकत होते. तुळसाबाई जीपवाल्याचा उद्धार करत तरातरा पुढे. दवाखान्याच्या दाराशी तिची एक चप्पल निघता निघेना, तेव्हा तिने ती ओढून काढली आणि आत शिरली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि हसल्या.

“काका, साखर एकदम आटोक्यात आहे. पायाला आता धोका नाही.”

तुळसाबाईचे डोळे भरून आले, आणि त्याच दमात तोंडही सुटलं.

“पाहा! साऱ्या गावासंग भांडलो मी, तवा कुठं हा पाय राह्यला. अन् लोकं म्हनते, एका गिलासानं काय होते!”

डॉक्टरीणबाईंचं लक्ष मात्र खाली गेलं होतं. पांढऱ्या फरशीवर दारापासून लाल ठिपके उमटले होते.

“जखम फोडली ना पुन्हा!” तुळसाबाई कडाडली. “पायाखाली पाहून चालाले काय होते तुमाले?”

पंजाबरावांनी घाबरून पाय वर केला. तळवा कोरडा होता. जखमेची जागा बुजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी ठिपक्यांवरून नजर फिरवत नेली. ठिपके बायकोच्या खुर्चीपाशी येऊन थांबले होते. ते वाकले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तुळसे,” ते हळूच म्हणाले, “अवं, एवढा मोठा काटा रुतला तुह्या पायात.”

तुळसाबाई त्यांच्यावर खेकसली,

“कोनता काटा?”