पुन्हा पुन्हा येणारा तुकडा

“लग्न झालं की नोकरी सोडणार? लग्न झालं की रात्रपाळी जमणार?” मुलाखत घेणाऱ्या साहेबांचे प्रश्न काही संपेनात.

शलाकाचा प्रोग्रॅम तोवर लिहून झाला होता. मजकुरात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लांब तुकडा त्याने शोधायचा होता.

“चालवून दाखवा. मजकूर कुठलाही घ्या,” साहेब म्हणाले.

ही नोकरी तिला हवीच होती. तरी तिने साहेबांचे सगळे प्रश्न जसेच्या तसे टाइप केले आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर उमटलं: ‘लग्न झालं की’.

साहेबांशेजारच्या मॅडमनी हसू दाबलं. साहेब उखडले. “प्रोग्रॅम चुकलाय तुमचा!”

“माझा प्रोग्रॅम बरोबर आहे, सर,” शलाका नजरेला नजर देत म्हणाली. “मजकूर तुमचा आहे.”