शंकांचा तास

"मॅडम, नव्या वेळापत्रकातून शुक्रवारचा शंकांचा तास काढू ना?" गणित विभागाचे कारकून तडवीभाऊ म्हणाले. "एक पोरगं फिरकत नाही."

विभागप्रमुख वैजयंती कारखानीस यांनी खडूचा डबा जवळ ओढून घेतला. शंका येणार तरी कुठून? प्रवेशाच्या दिवशीच कानामागच्या चकतीतून तिन्ही वर्षांचं गणित मुलांच्या डोक्यात उतरायचं. तरी दर शुक्रवारी बाई खडू घेऊन रिकाम्या वर्गात बसायच्या. मूळ संख्या कधीच का संपत नाहीत, हे त्यांना विद्यार्थिदशेत खानावळीत जेवताना सुचलं होतं. आमटी निवून गेली होती आणि त्या एकट्याच वेड्यासारख्या हसत सुटल्या होत्या.

तेवढ्यात पहिल्या वर्षाची ओवी घुगे दारात आली. "मॅडम, मला सगळं येतं, पण कळलं कधी तेच आठवत नाही. एखादी सिद्धता पुसून द्याल? मला ती शोधायचीये."

"कुठली?"

"मूळ संख्यांची."

बाई खुर्चीतून उठल्याच. अभ्यासक्रम बदलला की डोक्यातला जुना भाग पुसायचं यंत्र विभागात होतंच. "तडवीभाऊ, हिची पुसा. आणि माझीही. फक्त आमटी तेवढी राहू द्या."

"अहो, मग शिकवणार कोण?"

"या तासाला शिकवायचं नसतं, भाऊ. अडायचं असतं."

शुक्रवारी दोघी कितीतरी वेळ कोऱ्या फळ्यासमोर उभ्या होत्या.

"मॅडम, सापडेल ना?" ओवीने घाबरत विचारलं.

"मला कुठे माहितीये?" बाई म्हणाल्या, आणि वेड्यासारख्या हसत सुटल्या.