नवरदेवाचा तुकडा

स्क्रीनवर आधी मेंदीचा हात उमटला, मग अर्धा चेहरा, आणि ऋतुराज नावाचा गडी कामातनं गेला.

बंद पडलेल्या डिस्कमधलं हरवलेलं परत काढून द्यायचं, हा त्याचा राजारामपुरीतला धंदा. हुपरीचे गोमटेशअण्णा स्टुडिओवाल्याची चार डिस्कांची पेटीच उचलून घेऊन आले होते. प्रत्येक व्हिडिओचे तुकडे चारींवर वाटलेले. एक डिस्क बसली तर निभतं, इथं दोन बसल्या होत्या. लेकीचा, आदितीचा कार्यक्रम हाय, तिच्या आईला एकदा बघायचाय, एवढंच अण्णा म्हणाले. रोज दुपारच्या गाडीनं यायचे आणि बाकावर बसून राहायचे.

ऋतुराजनं एक डिस्क गोंजारून गोंजारून जागी केली. तुकडे जुळत गेले. हिरव्या शालूतली आदिती. सजवलेल्या रथातली आदिती. ओठ हलायचे, आवाज नसायचा. समोरचा चहा गार व्हायचा, याला पत्ता नाही. रंकाळ्यावर जाऊन बसला तर पाण्यातही तीच. दुसऱ्याच्या नवरीवर जीव जडला म्हणून बेट्याला लाजही वाटत होती. पण नवरदेव काही दिसेना. असेल राहिलेल्या तुकड्यांत, अशा धास्तीनं तो एकेक तुकडा लावायचा, आणि ती एकटीच निघाली की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

शेवटी न राहवून त्यानं विचारलंच, "अण्णा, जावई काय करत्यात?"

"जावई न्हाय. तिनं लग्न केलं न्हाय."

मोडलं असणार, असं यानंच ठरवून टाकलं. बरं झालं मोडलं, असंही वाटून गेलं. प्रेमात पडलेला माणूस जरा हलकटच होतो. ती आता कुठं असते म्हणून विचारलं, तर कायम फिरतीवर, एका गावात फार दिवस मुक्काम म्हणून नाही, असं अण्णा म्हणाले. कंपनीची नोकरी असेल, म्हणून यानं मान डोलावली.

एकच फाईल उरली, तेव्हा त्यानं मनाचा हिय्या केला. "अण्णा, आईला घेऊन हुपरीला येऊ का? रीतसर मागणी घालायला?"

अण्णा रागावले नाहीत. सावकाश म्हणाले, "ही फाईल निघू दे. बघून घे. मग यावं वाटलं तर ये."

ती आवाजासकट निघाली. मांडव माणसांनी फुललेला. मधोमध आदिती, पांढऱ्याशुभ्र साडीत, अंगावर एक मणी नाही. हसत हसत ती आपल्याच हातानं डोक्यावरचे केस उपटून काढत होती. लाउडस्पीकरवर जैन दीक्षेचा जयजयकार झाला, आणि फेटा बांधलेल्या गोमटेशअण्णांनी पुढं येऊन आपल्या लेकीसमोर लोटांगण घातलं.