पिवळी रेषा

सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडच्या फुटपाथवर पद्मनाभराव थबकले. पाऊस भुरभुरत होता. पिवळ्या रंगाने आखलेल्या चौकोनात एक माणूस ओंजळीत सिगारेट जपत भिजत उभा होता. छप्पर दोन पावलांवर होतं.

"हा आत का येत नाही गं?" त्यांनी सोबतच्या मुलीला, मधुवंतीला विचारलं.

"बाबा, सिगारेट त्या चौकोनातच ओढायची. तसा कायदाच आहे इथे."

"पण पोलीस कुठे दिसत नाही!"

"नाहीच आहे."

सिगारेट संपली, माणूस छपराखाली आला. पद्मनाभरावांनी वाकून त्या ओल्या रेषेला बोट लावलं. सरकारी नोकरीभर त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांजवळच्या रस्त्यांवर अशीच रेषा मारून घेतली होती. तिच्या आत तंबाखू विकायला बंदी.

मधुवंती हसली. कुठलं सरकार तंबाखूचे कायदे किती राबवतं, हाच तिच्या संशोधनाचा विषय. "तुमच्या जिल्ह्याला मी पूर्ण गुण दिलेत, बाबा. प्रत्येक शाळेजवळ रेषा आहे."

बाबांचं बोट अजून रेषेवरच होतं.

"रेषा आहे गं. पानटपरीवाला तिच्यावरच गिऱ्हाइकांची रांग लावायचा."