बांधाकडची ओळ

आबांनी फॉर्म हातात घेतला आणि चष्मा मागितला, तेव्हा अमृतने तो पिशवीतून काढायला नको तेवढा वेळ लावला.

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात बाकीचे पेशंट बोट दाखवलं तिथे सही करून मोकळे होत होते. त्याचे वडील हौशीराम आबा त्यातले नव्हते. आळे गावच्या रानात टोमॅटोवर उभा जन्म फवारणी केलेला हा माणूस. बाटलीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांनी कधी झाकण उघडलं नाही. नवं औषध आलं की आधी बांधाकडच्या एकाच ओळीवर मारायचं. त्या ओळीच्या पहिल्या बांबूला लाल चिंधी बांधायची. आठ दिवस रोज बघायचं, दिसेल ते वहीत लिहायचं, मगच बाकीचं रान. आणि मान्यता नसलेलं औषध तर त्या ओळीवरही नाही. असलं फुकटचं औषध घेऊन आलेल्या एका एजंटाला आबांनी चहा पाजला आणि बाटलीसकट रस्त्यापर्यंत सोडून आले.

आता फुकटचं, मान्यता नसलेलं औषध त्यांच्याच पोटात जायचं होतं. जठराचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. दोन तऱ्हेची केमो करून झाली होती. डॉक्टर उज्ज्वला मॅडमनी अमृतला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एका गोळीच्या अजून चाचण्या चालू आहेत. ती आबांच्या प्रकारच्या गाठीवरच काम करते, आणि कंपनी खास परवानगीने द्यायला तयार आहे. नाही घेतली तर दिवाळीचं काही सांगता येत नाही. अमृतने घरी येऊन आबांना सांगितलं, गोळी सरकारने पास केलेली आहे. एवढं एकच खोटं तो बोलला, आणि ते फॉर्मच्या पहिल्याच वाक्यात उघडं पडलं.

आबांनी ते वाक्य वाचलं. अमृतकडे पाहिलं. बोटाला थुंकी लावून पान उलटलं. फॉर्म बारा पानांचा होता. काय काय बिघडू शकतं त्याचीच त्यात चार पानं होती, आणि तीही त्यांनी सोडली नाहीत.

शेजारच्या खुर्चीत कळंबचा भिमा बसला होता. मेंढरं राखणारा, चाळिशीच्या आतला, दुखणं अगदी तेच. वाचून झाल्यावर आबांनी मॅडमना विचारलं, ही गोळी इथं किती जणांना दिली. मॅडमनी लपवलं नाही. तुम्हीच पहिले, म्हणाल्या. भिमाचाही अर्ज गेलाय, त्याची गोळी महिन्याभराने येईल.

संपलं, अमृतच्या मनात आलं. आता मॅडमना रस्त्यापर्यंत सोडून येतात.

आबांनी भिमाकडे जरा वेळ पाहिलं आणि सही केली. ठसठशीत, आडनावासकट.

परतीच्या वाटेवर अमृतने दोनदा विषय काढला. खोटं बोलल्याची माफीही मागितली. आबा खिडकीतून पिकं बघत राहिले. आळेफाट्याला तेवढे उतरले आणि दोनशे पानी वही घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घ्यायच्या आधी ते भिंतीला धरून फवारणीच्या सामानापर्यंत गेले. लाल चिंधी शोधली. परत येऊन ती आपल्या खाटेच्या पायाला बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि मग पाण्याबरोबर गोळी गिळली.

अमृतला रडू आवरेना. आबांनी त्याला रडू दिलं, मग वही त्याच्या हातात दिली.

"रोज लिही. ओळ जळाली तरी लिही," ते म्हणाले. "आन् भिमाला गोळी द्यायच्या आदी म्याडमला ही वही दाव."