फॉरमॅट करायची का?

'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं स्क्रीनवर उमटलं आणि फिरोजच्या माउसचा बाण सवयीनं 'होय'कडे गेला. एकदा होय म्हटलं की डिस्क कोरी करकरीत. पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात हे रोजचंच होतं.

"मावशी, रिकामी दिसतीया ही."

"रिकामी कशी आसंल? शेखरनं माझ्यासमोर भरून ठिवलंय त्यात," लीलाबाई म्हणाल्या.

शेखर त्यांचा मुलगा. परदेशी जाण्याआधी त्यानं यात्रेत वडिलांचा आवाज टिपून ठेवला होता. कासार आंबोलीच्या आखाड्यात कुस्त्या पुकाराव्यात त्या हैबतरावांनीच. आता तेच हैबतराव स्टुलावर मुकाट बसले होते. अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुण्यातल्या एका दुकानदारानंही डिस्क रिकामी म्हणून परत दिली होती. पण तो आवाज पुन्हा ऐकल्याशिवाय बाईंच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

फिरोजनं चहाचा थर्मास उघडला. "बाबांना साखर चालती का?"

"नगं घालूस."

"पर त्यांना समजतं का काय?"

"डाक्टर म्हनत्यात समदं समजतं. भाईर येत न्हाई."

फिरोजचा हात माउसवरून निघाला. शेखरच्या कॉम्प्युटरवर काय काय चालायचं, असं त्यानं विचारलं. कुणाच्याच गेमा चालायच्या नाहीत, बाई म्हणाल्या. गावातली पोरं हौसेनं यायची आणि तोंड पाडून परत जायची.

फिरोजनं कपाळावर हात मारला. म्हणजे त्यावर विंडोज नव्हतंच, लिनक्स ही दुसरीच सिस्टिम होती. डिस्क भरलेलीच होती, त्याच्या मशीनला ती वाचता येत नव्हती, एवढंच. आणि आपण ती पुसायलाच निघालो होतो. लिनक्सची डिस्क विंडोजवर वाचणारा ड्रायव्हर त्यानं शोधला, टाकला आणि डिस्क पुन्हा जोडली.

फोल्डर दिसू लागले. त्यानं यात्रेचा उघडला.

आधी हलगी वाजली. मग दुकान दणाणून सोडणारा आवाज आला, "कुस्ती निकालीच व्हनार! बरोबरीत सोडायची न्हाई!"

लीलाबाईंना रडू आवरेना. हैबतरावांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. डावा उचलला गेला आणि मांडीवर थाप पडली. थाप कसली, हलकीशी चापटी. पण शड्डू तो शड्डूच.

फिरोजनं आवाज बंद केला, कपात चहा ओतला आणि स्टूल ओढून म्हाताऱ्यासमोर बसला.

"बाबा, साखर घालू का?"

बाई उत्तर द्यायला सरसावल्या. फिरोजनं हातानंच त्यांना थांबवलं.

हैबतरावांचे ओठ हलू लागले. चहा निवत होता. फिरोज वाट बघत राहिला.